लॅब्राडोर घरी आला, आता काम कुणाचं?



मागच्या एप्रिलमध्ये आमच्या गटाची बैठक एका ताईंच्या ओसरीवर भरली होती. हप्ते गोळा करणं चाललं होतं. एवढ्यात मागच्या बाजूने घरघर ऐकू आली. जाऊन पाहतो तर पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधलेला त्यांचा शेरू आडवा पडलेला. जीभ बाहेर, तोंडातून लाळ गळतेय, हिरड्या लालभडक. पाण्याचं भांडं कधीचं उपडं झालेलं. त्याला उभं करायला गेलो तर पाय लटपटत होते.

शेरू लॅब्राडोर जातीचा. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाने पिल्लू असताना आणला, दोन दिवस खेळवला आणि सुट्टी संपली तसा परत गेला. त्या दुपारी आम्ही शेरूला सावलीत ओढला, बादल्यांनी पाणी ओतलं, पंख्याखाली ठेवला आणि टेम्पोत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. तो वाचला. येताना ताई म्हणाल्या, "म्हैस कशी सांभाळायची ते माहेरी शिकले, सासरी शिकले. ह्याचं कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं, कुत्रा तो कुत्रा."

म्हणून आज आपण लॅब्राडोरबद्दल बोलणार आहोत. आता गावोगावी ही पिल्लं येतायत. हौस मुलांची असते आणि सांभाळणं आपल्याकडे येतं. मग निदान ते नीट समजून तरी घेऊ.

तो मुळात कुठला?

कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. समुद्र थंडगार. तिथल्या कोळ्यांची कुत्री पाण्यात उड्या मारून जाळ्याचे दोर ओढत, गळावरून सुटलेले मासे आणून देत. एकोणिसाव्या शतकात ही कुत्री इंग्लंडला गेली. तिथे शिकारीत पडलेली बदकं पाण्यातून उचलून आणण्यासाठी त्यांची पैदास झाली. 1903 साली तिथल्या केनेल क्लबने लॅब्राडोर ही वेगळी जात म्हणून मान्य केली. त्याला 'रिट्रीव्हर' म्हणतात, म्हणजे आणून देणारा.

ही गोष्ट सांगण्याचं कारण आहे. आपलं गावठी कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या इथल्या उन्हात वाढलंय. अंगाने सडपातळ, केस आखूड आणि विरळ. लॅब्राडोर थंड पाण्यातल्या कामासाठी घडलाय. त्याचे केस, त्याचं पोट आणि त्याचं तोंड, या तीन गोष्टी कळल्या की त्याचं निम्मं सांभाळणं कळलं.

केस: घोंगडी पांघरलेला प्राणी

लॅब्राडोरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे राठ आणि थोडे तेलकट, आतले मऊ आणि दाट. जणू कायमची घोंगडीच. त्यातून कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो. म्हणून पत्र्याचं शेड त्याच्या जिवावर उठतं. उन्हाळ्यात त्याची जागा झाडाखाली, पडवीत किंवा घरात गार फरशीवर. पाण्याचं भांडं जड आणि बसक्या बुडाचं घ्या, म्हणजे सांडणार नाही. फिरवणं दिवस उगवायच्या आत किंवा तिन्हीसांजेनंतर. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवा. पाच-सात सेकंद टेकवत नसेल तर त्याच्या पंजालाही चटका बसणार.

ऊन लागलंच तर सावलीत न्या, साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. ओलं पोतं अंगावर टाकून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पुष्कळ जण उन्हाळा आला की त्याचे केस भादरून टाकतात. ते करू नका. हेच केस उन्हापासून कातडी वाचवतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा ब्रशने विंचरा. केस गळायच्या दिवसांत रोज. आतले मेलेले केस निघाले की अंगाला वारा लागतो आणि घरभर केसही कमी होतात. आंघोळ महिन्याने एकदा पुरे, नाहीतर मधे फार मळला तर. शॅम्पू कुत्र्यांचाच हवा. आंघोळीनंतर लोंबते कान उचलून आतून कोरडे करा. कानाला वास येत असेल, तो सारखा डोकं झटकत असेल, तर दवाखाना गाठा.

विंचरताना कानामागे, बगलेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. गोचिडामुळे कुत्र्याला जिवावर बेतणारा ताप येतो. पण गाई-म्हशींना लावायचं औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नका. त्याच्या वजनाप्रमाणे काय आणि किती, ते डॉक्टरांनाच विचारा.

आणखी एक, शेततळं. या जातीला पाण्याचं वेड. तळं दिसलं की उडी मारणार. पण तळ्याच्या प्लास्टिकवर पंजे घसरतात, वर येता येत नाही आणि पट्टीचा पोहणाराही थकून बुडतो. तळ्याला कुंपण घाला. आणि कडेने जाड दोराला बांधलेले जुने टायर आत सोडून ठेवा. ते माणसाच्याही उपयोगी पडतील.

पोट: कधीच न भरणारं

"बघा ना, अजून भुकेला दिसतोय," असं प्रत्येक घरात ऐकू येतं. 2016 साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की सुमारे चौथाई लॅब्राडोरमध्ये एका जनुकात बिघाड असतो. तो जनुक भुकेशी जोडलेला आहे. म्हणजे त्याची हाव हा त्याचा दोष नाही, पण ती पुरवणं हा आपला दोष ठरतो. सासूबाई अर्धी भाकरी टाकतात, पोरं बिस्किटं देतात, आपण उरलेला भात घालतो. बघता बघता कुत्रं पिंपासारखं होतं. या जातीचे खुब्याचे सांधे आधीच नाजूक असू शकतात. वाढलेलं वजन त्यांच्यावर येतं.

ताईंच्या घरी आता एक डबा ठरलाय. सकाळी एक डबा, संध्याकाळी एक डबा, बाकी काही नाही. बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर माप कमी करा.

नुसत्या दूध-भाकरीवर हा कुत्रा नीट वाढत नाही. त्याला अंडं, चिकन असं काही लागतं. तिखट-मिठाचं कालवण नको. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट त्याला बाधतात. शिजवलेली हाडं तर नकोच. त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि आतडं फाडतात. द्राक्षबागा असलेल्या मैत्रिणींनी बागेत पडलेल्या मण्यांकडे लक्ष ठेवावं.

तोंड: उचलून आणणारं

चप्पल पळवली, टॉवेल नेला, पदर धरला, अशा तक्रारी सगळ्यांच्या. अहो, त्याला घडवलंच उचलून आणण्यासाठी! तेव्हा मारून उपयोग नाही. मारलं की तो वस्तू घेऊन लांब पळतो. आपण मागे धावलो की त्याला तो खेळ वाटतो.

पहिला शब्द शिकवायचा तो 'सोड'. त्याच्या तोंडात दोरी किंवा चेंडू असताना नाकापुढे उकडलेल्या अंड्याचा बारका तुकडा धरा. त्याने वस्तू टाकली की त्याच क्षणी 'सोड' म्हणा आणि तुकडा द्या. आठवडाभरात तो शब्द त्याला कळतो. मग 'ये', 'बस', 'थांब'. एका वेळी पाच मिनिटं पुरे, दिवसातून दोन-तीनदा. शाबासकी लगेच हवी, उशिरा दिलेली त्याला कळत नाही. आणि घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा. एक म्हणतो 'बस', दुसरा म्हणतो 'सिट', तिसरा म्हणतो 'खाली बस रे', मग त्याने ऐकायचं कुणाचं?

म्हाताऱ्या माणसांवर तो प्रेमाने उडी मारतो आणि त्यांना पाडतो. मोठा लॅब्राडोर पंचवीस ते छत्तीस किलोंचा असतो. उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवायची, चारी पाय जमिनीवर आले की मगच हात लावायचा. कोंबड्यांजवळ मात्र पट्टा धरूनच न्या, विश्वासावर सोडू नका. आणि दिवसभर साखळीला ठेवू नका. ही जात माणसांच्या सोबतीने काम करणारी. एकटी पडली की भुंकते, उकरते, कुरतडते.

लस चुकवायची नाही

पिल्लू दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नका. सहा ते आठ आठवड्यांपासून डॉक्टर सांगतील तशा लसी आणि जंताचं औषध सुरू करा. रक्ताची हगवण करणारा पार्व्हो पिल्लांना दोन-तीन दिवसांत नेतो. तीन महिन्यांनी रेबीजची लस, पुढे डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना. आणि घरचा असो की दारचा, कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही.

मग काम कुणाचं?

लॅब्राडोर साधारण दहा-बारा वर्षं जगतो. आज आठवीत असलेलं पोर तोवर नोकरीला लागलेलं असेल. म्हणून पिल्लू आणायच्या आधीच घरच्यांना समोर बसवा आणि विचारा: सकाळी फिरवणार कोण? विंचरणार कोण? लसीचे पैसे कोण देणार? उत्तर 'आई बघेल की' असं आलं, तर पिल्लू आणू नका.

ताईंनी मुलाला फोन करून हेच सांगितलं. आता लसीचा आणि खाण्याचा खर्च तो पाठवतो. सकाळी सासरे शेरूला फिरवतात, संध्याकाळी धाकटी त्याला विंचरते. ताईंकडे फक्त डब्याचं माप. गेल्या बैठकीला शेरू आमच्या मधे गार फरशीवर पसरला होता. हप्त्यांची वही खाली पडली, ती त्याने उचलली. ताई म्हणाल्या, "सोड." त्याने सोडली. वही थोडी ओली झाली होती, पण हिशोब शाबूत होता.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.