विहीणबाईंची भाषा

साठी उलटल्यावर नवी भाषा शिकावयास बसणें हें पुष्कळांस हंसण्याजोगें वाटतें. आणि ती भाषा क्रोएशियन आहे असें कळल्यावर तर हंसणाऱ्यांची सोयच होते. जर्मन, फ्रेंच, रशियन, फार तर जपानी, इतक्या भाषा पुण्यास परिचित आहेत. त्यांचे वर्ग भरतात, परीक्षा होतात, पेढे वांटले जातात. क्रोएशियनचें तसें नाहीं. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील हा सुमारें ३९ लाख वस्तीचा देश १९९१ सालीं युगोस्लाव्हियापासून स्वतंत्र झाला, आणि २०१३ सालीं युरोपीय संघांत दाखल झाला. त्याची भाषा शिकविणारा कोणी कोथरुडांत आढळला नाहीं, म्हणून एक व्याकरण व एक कोश मागवून मीं स्वतःच स्वतःचा वर्ग चालू केला. शिक्षक व विद्यार्थी एकच असल्यामुळें हजेरी पूर्ण असते.

गरज कशी पडली तें थोडक्यांत सांगतों. माझ्या थोरल्या बंधूंची कन्या उच्च शिक्षणासाठीं युरोपांत गेली आणि झाग्रेबच्या एका सुशील तरुणाशीं तिचा विवाह झाला. जांवई इंग्रजी छान बोलतात. परंतु विहीणबाईंस इंग्रजी येत नाहीं, आणि आमच्या वहिनींचें इंग्रजी 'थँक्यू'पाशीं थांबतें. दोघींच्या मध्यें दुभाषी कोण, तर ती मुलगीच! आतां वाचकहो, कांहीं गोष्टी अशा असतात कीं त्या मुलीच्याच तोंडून तिच्या सासूस सांगवत नाहींत. यंदा मुलीस दिवस राहिले, वहिनींच्या गुडघ्यांनीं विमानप्रवासास नकार दिला, आणि एके दिवशीं त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, जन्मभर व्याकरण शिकविलेंत. आतां मला एकच वाक्य करून द्या. 'माझ्या मुलीला सांभाळा' एवढें मला माझ्या तोंडानें सांगायचें आहे."

एका वाक्यासाठीं आरंभ केला, तों सगळी भाषाच नात्यांतली निघाली.

लिपीपासून सुरुवात करूं. लिपी रोमन, पण कांहीं अक्षरांच्या डोक्यावर लहानशा खुणा. एकंदर ३० अक्षरें. जसें बोलावें तसें लिहावें हा नियम. ह्या लेखनपद्धतीचा पाया १८३० सालीं ज्या गृहस्थानें घातला त्याचें नांव ल्युदेवित गाय. आडनांव वाचून आमच्या घरीं बराच वेळ हंशा पिकला. परंतु त्या भाषेंत 'गाय' म्हणजे झाडी, वनराई. उच्चाराच्या बाबतींत मराठी माणसाचें भाग्य थोर आहे. चमच्यांतला 'च' आणि चहांतला 'च' हे दोन्ही त्या भाषेंत निरनिराळ्या अक्षरांनीं लिहितात. इंग्रजास किंवा हिंदी भाषिकास ज्या भेदासाठीं जीभ वळवावी लागते तो आपल्या घरांतील तीन वर्षांचें पोरहि चुकत नाहीं. (तिसराहि एक 'च' आहे, त्याच्या वाटेस मी तूर्त जात नाहीं.)

पण मला खरा आनंद झाला तो ऋकारानें. ऋ हा स्वर आहे, 'रु' नव्हे आणि 'रि'हि नव्हे, हें मीं मुलांस वर्षानुवर्षें सांगितलें, आणि मुलांनीं वर्षानुवर्षें 'रुषी' म्हणून दाखविलें. कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचें देऊळ आहे. त्या देवाचें नांव रोज हजारों लोक घेतात, पण त्यांतला ऋ बिचारा कोणाच्याच मुखांत नसतो. क्रोएशियन भाषेंत मात्र तो जिवंत आहे! बोटास 'पृस्त', रक्तास 'कृव', बागेस 'वृत', मृत्यूस 'स्मृत'. त्यांत दुसरा स्वरच नाहीं. र हाच स्वर, आणि तो ऱ्हस्व व दीर्घ दोन्ही प्रकारचा असतो. देशाचें नांवसुद्धां 'हृवात्स्का', म्हणजे आरंभींच हृदयांतला हृ. ज्यास आपण क्रोएशियन म्हणतों तो स्वतःस 'हृवात' म्हणवितो. गळ्यांतल्या टायला फ्रेंच लोक जो 'क्रावात' शब्द लावतात तो ह्या हृवात शिपायांच्या गळ्यांतील रुमालावरूनच निघाला.

आतां शब्द. द्वा, त्री, चेतिरी, पेत, शेस्त, सेदाम, ओसाम, देवेत, देसेत. आणि शंभरास 'स्तो'. ज्यानें मुंजींत 'द्वौ त्रयः चत्वारः' घोकलें आहे त्याला हे पाढे पाठ करावयास किती वेळ लागणार? फक्त नवास 'देवेत' कां, असा प्रश्न पडतो. शेजारच्या 'देसेत'च्या संगतीनें मूळच्या नकाराचा दकार झाला असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. शेजाऱ्याचें पाहून वागणें ही खोड अंकांनाहि आहे तर! आकाश 'नेबो' (नभस्), मध 'मेद', धूर 'दिम', दिवस 'दान', मास 'म्येसेत्स'. आपल्या हकाराच्या जागीं कांहीं शब्दांत त्यांचा 'झ' येतो, म्हणून हिमाचा नातेवाईक 'झिमा', म्हणजे हिंवाळा.

मात्र एकत्र कुटुंबांतल्या माणसानें मुद्दाम पाहावीं तीं नात्यांचीं नांवें. इंग्रजीनें काका, मामा, आत्याचा नवरा सर्वांस एकाच 'अंकल'च्या गोणींत कोंबलें आहे. क्रोएशियनमध्यें चुलता 'स्त्रित्स' निराळा आणि मामा 'उयाक' निराळा. काकू 'स्त्रिना', मामी 'उय्ना'. सासऱ्यास 'स्वेकार' (श्वशुर), सासूस 'स्वेकृवा' (श्वश्रू), सुनेस 'स्नाहा' (स्नुषा), दिरास 'द्येवेर' (देवर), आणि जावेस 'येतृवा', म्हणजे आपली संस्कृत 'यातृ'च. मुलगी सासरीं जाऊन वाळते म्हणतात. तशी 'दुहिता' तिकडे वाळत वाळत नुसती 'क्ची' एवढीच उरली आहे. पण सर्वांवर ताण म्हणजे विहीण. विहिणीस त्या भाषेंत शब्द आहे 'प्रिया'! आणि तो खरोखर प्रिय शब्दाच्याच कुळांतला आहे. आपल्याकडील लग्नांत मानपानाचें ताट थंड होईपर्यंत जिनें कार्यालय डोक्यावर घेतलेलें आहे, तिला 'प्रिये' म्हणून हांक मारण्याची कल्पना ज्या समाजास सुचली त्याचें मला कौतुक वाटतें.

एवढी नातीं निरनिराळीं ठेवण्याचें कारण घरांत होतें. दक्षिण स्लाव लोकांत 'झाद्रुगा' नांवाची कुटुंबसंस्था होती. लग्न झालेले अनेक भाऊ, त्यांचीं बायकामुलें, एक चूल, सामाईक जमीन. वडीलधाऱ्यांपैकीं एकजण कर्ता, आणि तो वयानें सर्वांत मोठाच असला पाहिजे असें नाहीं. सुनांना सैंपाकाची आठवड्याची पाळी लागे, आणि जिची पाळी असेल तिला 'रेदुशा' म्हणत. हें वाचून दाखविलें तेव्हां वहिनी एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे पाळी चुकविणारी जाऊहि असणारच." बाल्ताझार बोगिशिच नांवाच्या विधिज्ञानें ह्या रीतिरिवाजांची माहिती गोळा करून १८७४ सालीं झाग्रेब येथें प्रसिद्ध केली. पुढें वांटण्या झाल्या आणि झाद्रुगा मोडल्या. आजच्या झाग्रेबमधील तरुणांस 'येतृवा' म्हणजे नेमकी कोण हें विचारावें लागतें म्हणे. आपल्याकडील मुलांस तरी 'यातृ' कोठें ठाऊक आहे? चुलतसासरे सोडा, ज्या पोरांस काकालाहि 'अंकल' म्हणवतें त्यांनीं दुसऱ्यांस हंसूं नये.

नात्यांतली भाषा म्हटली कीं नात्यांतल्याप्रमाणेंच गैरसमजहि आले. 'तादा' म्हणजे तदा, 'कादा' म्हणजे कदा, येथवर ठीक. पण 'सादा' म्हणजे सदा नव्हे, आतां! तेव्हां 'सदा सुखी भव' हा आपला आशीर्वाद तिकडे 'आतांपुरतें सुखी हो' असा ऐकूं जावयाचा. 'पास' म्हणजे कुत्रा. म्हणून मुलगा पास झाल्याची वार्ता विहीणबाईंस कळवितांना जपलें पाहिजे. नमस्कार करावयाचा तर 'दोबार दान' म्हणतात. कन्यादान एकदांच करावयाचें असतां हें दोबार दान कसलें, असा प्रश्न आमच्या बंधूंनीं लग्नांतच विचारला होता. वास्तविक अर्थ 'शुभ दिन' एवढाच. आभार मानण्यास 'ह्वाला'. मुलगी ज्यांच्या हवालीं केली त्यांना म्हणण्यास याहून उचित शब्द कोणता? आणि 'ने' म्हणजे नको. विहीणबाई येथें आल्या होत्या तेव्हां पंगतींत तिसरी पुरणपोळी वाढतांना त्या हात आडवा धरून 'ने, ने' म्हणाल्या. वाढणारा आमच्या चुलतबहिणीचा मुलगा मोठा आज्ञाधारक. त्यानें अर्धी पोळी व कटाची आमटी यांसकट त्यांचें ताटच उचलून नेलें!

व्याकरणाबद्दल थोडेंच लिहितों, कारण हा विषय निघाला कीं घरांतील मंडळी उठून जातात. भांडारकरांच्या मार्गोपदेशिकेवर वाढलेल्यांनीं मात्र बसावें. 'अस्मि, असि, अस्ति' यांस 'येसाम, येसि, येस्त'. 'स्मः, स्थ, सन्ति' यांस 'येस्मो, येस्ते, येसु'. लिंगें तीन. विभक्ती संबोधनासह सात, कारण पंचमी षष्ठींत मिळून गेली. भूतकाळाचें रूप तर आपल्या मराठीसारखें लकारान्त, आणि लिंगाप्रमाणें बदलणारें. दोन्हींकडे हा लकार स्वतंत्रपणें आला आहे, पण गंमत व्हावयाची ती होतेच. 'ला' हा त्यांचा स्त्रीलिंगी प्रत्यय. त्यामुळें विहीणबाई 'मी आलें' म्हणतात तेव्हां 'दोश्ला साम' असें ऐकूं येतें, आणि मराठी कानास त्या 'मी आला' म्हणाल्यासारखें वाटतें. मोठ्यांस 'वि' आणि बरोबरीच्यांस 'ति' म्हणावयाचें. आपला तुम्ही-तूं हा भेद तेथें शाबूत आहे, म्हणून विहिणीशीं बोलतांना 'वि'च योजावें.

ह्या व्यवहारांत पहिलें पाऊल त्यांच्याकडील माणसानें टाकलें होतें हेंहि येथें सांगितलें पाहिजे. फिलिप वेझदिन नांवाचा एक कार्मेलाइट पाद्री, १७४८ सालीं ऑस्ट्रियांत एका क्रोएशियन कुळांत जन्मलेला, १७७६ त मलबारांत आला आणि तेरा वर्षें राहिला. तेथील पंतोजींकडून तो संस्कृत शिकला, आणि परत गेल्यावर १७९० सालीं रोम येथें त्यानें संस्कृतचें व्याकरण छापलें. युरोपांत छापलेलें हें पहिलें संस्कृत व्याकरण. त्याचें नांव 'सिद्धरूपम्', म्हणजे केरळांतील मुलें जी रूपावली घोकीत तिचेंच. दमट हवेंत, परक्या लिपींत, 'रामः रामौ रामाः' घोकणारा तो पाद्री डोळ्यांपुढें आला म्हणजे पंख्याखालीं बसून 'येसाम, येसि' म्हणणाऱ्यास तक्रारीला जागा उरत नाहीं.

वहिनींचें वाक्य तयार झालें तें असें : 'चुवाय्ते मि ये.' चुवाय्ते म्हणजे सांभाळा. ये म्हणजे तिला. आणि मधला 'मि' तो संस्कृतांतला 'मे', माझ्यासाठीं, माझी म्हणून. तीन शब्दांत काम झालें. वहिनींनीं तें देवघराच्या दाराशीं भिंतीवर चिकटविलें आणि आठ दिवस जपमाळेबरोबर म्हटलें. मग मुलगी दवाखान्यांत तपासणीस गेलेली असतांना, वेळ साधून, त्यांनीं झाग्रेबला दूरध्वनि लावविला. "दोबार दान, प्रियो," अशी संबोधनाची रूपसिद्धि बिनचूक झाली. नंतर तें वाक्य. पलीकडे क्षणभर कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग विहीणबाई भरभर पुष्कळ बोलल्या. त्यांतलें मला अर्धें कळलें आणि वहिनींस मुळींच नाहीं, पण मीं अर्थ सांगूं लागतांच त्यांनीं हातानें मला गप्प केलें. त्या डोळे पुशीत होत्या आणि 'दा, दा' म्हणत होत्या. 'दा' म्हणजे होय.

गेल्या महिन्यांत मुलगी बाळंत झाली. नात झाली, उभयतां सुखरूप आहेत. विहीणबाईंस 'बाळ' शब्द फार आवडला आहे, परंतु त्यांच्या भाषेंत ळ नसल्यामुळें त्या 'बाल' म्हणतात, आणि वहिनी रोज फोनवर त्यांचा ळ घटवून घेतात. आतां प्रश्न बाळंतिणीच्या लाडवांचा निघाला आहे. खोबरें, खारीक, बदाम यांचे शब्द कोशांत मिळाले. तुपाशीं अडलें, कारण 'मास्लात्स' म्हणजे लोणी, आणि कढविलेलें तूप त्या सैंपाकघरांत कोणी ठेवीत नाहीं. वहिनी म्हणतात, "मग 'लोणी मंद आंचेवर कढवून गाळून घ्या' एवढें करून द्या." आज्ञार्थ साधला आहे, 'मंद आंच' राहिली आहे.