नोंदणीवर नाव कुणाचे?

बहरीनमध्ये व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही. त्यामुळे येथे येणाऱ्या आपल्या बांधवांचा असा समज होतो की कराशी संबंधित कोणत्याही क्रमांकाशी आपले देणेघेणे नाही. नोकरी करीत असेपर्यंत हा समज खपून जातो. परंतु कोणी शिवणकामाचे दुकान, वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय किंवा डबे पुरविण्याचे स्वयंपाकघर सुरू करू पाहतो आणि भांडवलासाठी बँकेत जातो, तेव्हा पहिला प्रश्न क्रमांकाचाच येतो. व्यक्तीचा सीपीआर क्रमांक तेथे पुरेसा ठरत नाही. बँकेला व्यवसायाची स्वतंत्र ओळख हवी असते.

ही ओळख म्हणजे व्यापारी नोंदणी, बोलीभाषेत 'सीआर'. उद्योग व वाणिज्य मंत्रालयाच्या 'सिजिलात' या संगणकीय प्रणालीतून ती मिळते आणि तिचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. दुसरा क्रमांक मूल्यवर्धित कराचा, म्हणजे व्हॅटचा. हा कर बहरीनमध्ये 1 जानेवारी 2019 पासून 5 टक्के दराने लागू झाला आणि 1 जानेवारी 2022 पासून 10 टक्के झाला. वार्षिक उलाढाल 37,500 दिनारांच्या पुढे गेली की राष्ट्रीय महसूल विभागाकडे नोंदणी अनिवार्य होते. 18,750 दिनारांपुढे ती स्वेच्छेने करता येते. स्वेच्छेने कर कोण ओढवून घेईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण नोंदणी झालेल्याला खरेदीवर भरलेला कर वजा करून घेता येतो, आणि नियमित विवरणपत्रांमुळे उलाढालीचा असा पुरावा तयार होतो की जो वहीतल्या पेन्सिलीच्या आकड्यांनी कधीच होणार नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. आखातात एक जुनी रीत आहे. स्थानिक व्यक्तीच्या नावे सीआर काढायचा, तिला दरमहा ठराविक रक्कम द्यायची आणि धंदा आपण चालवायचा. हा व्यवहार बेकायदेशीर आहे, हे तर खरेच; पण त्याहून मोठी हानी क्वचितच बोलली जाते. भाडे, माल, मजुरी सारे आपण फेडतो आणि पत मात्र ज्याच्या नावे नोंदणी आहे त्याची वाढते. बहरीनमध्ये कर्जदारांची माहिती 'बेनिफिट' या कंपनीच्या पतविषयक विभागात जमा होते आणि बँका कर्ज देण्यापूर्वी तेथे पाहतात. दहा वर्षे प्रामाणिकपणे चालविलेल्या दुकानाची तेथे आपल्या नावे एक ओळही नसते.

आपल्या समाजाला हे नवे नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण जमीन कसली आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे राहिले. महार वतनाच्या जमिनी तर नावाला आपल्या होत्या. त्यांच्या बदल्यात साऱ्या गावाची आणि सरकारची राबणूक गळ्यात होती. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. कागदावर नाव नसलेल्याला सावकाराखेरीज दुसरे दार नसते, हे आपल्या आजोबांना कोणी शिकवावे लागले नाही.

मध्यंतरी एक वेगळी वाट निघाली होती. 2017 मध्ये सुरू झालेल्या 'फ्लेक्सी' परवान्यावर परदेशी कामगाराला मालकाविना काम करता येत असे. 2022 मध्ये तो बंद झाला. चालू असतानाही तो माणसाला काम करण्याची मुभा देत होता, व्यवसायाची नोंदणी देत नव्हता. हा भेद अनेकांच्या ध्यानात उशिरा आला. नोकरीच्या परवान्यावर असणाऱ्याने परस्पर धंदा मांडणे आजही नियमात बसत नाही. मात्र बऱ्याच व्यवसायप्रकारांत परदेशी व्यक्तीला स्वतःच्या पूर्ण मालकीची मर्यादित दायित्वाची कंपनी काढता येते. काही प्रकार स्थानिकांसाठी राखीव आहेत, म्हणून आपला प्रकार कोणत्या वर्गात मोडतो हे आधी पाहावे. खर्च भाड्याच्या नोंदणीपेक्षा सुरुवातीला अधिक वाटेल. आमच्या मते तो खर्च नव्हे, भांडवल आहे.

क्रमांक हाती आला म्हणजे पत आली, असेही नाही. घरखर्चाचे आणि धंद्याचे खाते वेगळे हवे. माल उधारीवर घेतला तर ठरल्या दिवशी पैसे पोहोचावेत. पुढील तारखेचा धनादेश देताना तर दहादा विचार करावा. तो परत गेला की वर्षभराची शिस्त धुऊन निघते.

येथे कमावलेली पत भारतात आपोआप पोहोचत नाही. सिबिलला बहरीनची नोंद दिसत नाही. म्हणून गावी पत्नी किंवा भाऊ लहानसा उद्योग चालवीत असेल, तर त्याची 'उद्यम' नोंदणी आताच करावी. 1 जुलै 2020 पासून सुरू असलेली ही नोंदणी विनामूल्य आहे. जी व्यक्ती प्रत्यक्ष धंदा पाहते तिच्याच नावे ती असावी. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मानासाठी त्यांचे नाव घालण्याची आपली पद्धत येथे सुनेच्या कष्टांची पत सासऱ्याच्या खात्यात टाकते. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी 2016 मध्ये आलेल्या 'स्टँड-अप इंडिया' योजनेत 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद होती. पण अर्जदार कोणत्याही बँकेचा थकबाकीदार नसावा, ही अट तिथेही होतीच.

मनामात कोणी भागीदारीचा कागद पुढे केला, तर सही करण्याआधी 'सिजिलात'वर तो सीआर क्रमांक टाकून पाहावा. नोंदणी चालू आहे की संपलेली, आणि ती कुणाच्या नावे आहे, हे तेथे कोणालाही पाहता येते.