शेवया, चिंच आणि गूळ : एका जपानी सॉसची घरगुती सिद्धता

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कोरेगाव भीमा मागे पडल्यावर आणि शिक्रापूर येण्यापूर्वी मौजे सणसवाडी, तालुका शिरूर, या गावाची हद्द लागते. ज्वारी-बाजरीच्या जिराईत रानांवर गुजराण करणाऱ्या या पट्ट्याचे रूप कारखान्यांनी पालटून टाकले. मराठवाड्यातून, विदर्भातून आणि पार उत्तरेकडील प्रांतांतून आलेली माणसे येथे भाड्याच्या खोल्यांत बिऱ्हाड थाटून पाळ्यांच्या शिरस्त्याने दिवसरात्र राबतात, आणि पाळी सुटल्यावर ज्याला स्वयंपाकाची उसंत उरलेली नाही असा मनुष्य रस्त्याकडेच्या चायनीजच्या गाडीपुढे जाऊन उभा राहतो. त्या गाडीला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. प्रखर ज्वाळेवर क्षणार्धात नूडल्स परतणाऱ्या त्या हातांत खरे पाककौशल्य असते. परंतु जवळजवळ तेवढ्याच वेळात, स्वतःच्या खोलीत, स्वतः सिद्ध केलेल्या सॉसमध्ये, दूध-तूप-अंड्यांसकट कोणताही प्राणिज जिन्नस न वापरता जपानी धर्तीच्या नूडल्स करता येतात, आणि त्या सॉससाठी लागणाऱ्या वस्तूंपैकी एका बाटलीखेरीज बाकी सर्व गावच्या बाजारात मिळतात, ही गोष्ट अधिक लोकांना ठाऊक व्हावी असे मला मनापासून वाटते. याच रस्त्याने पुढे गेले असता सुप्याच्या औद्योगिक क्षेत्रात जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र जमीन राखून ठेवलेली आहे; तेव्हा जपानशी यंत्रांच्या द्वारे जुळलेला संबंध ताटापर्यंत येण्यास आता फार अंतर राहिलेले नाही.

वास्तविक तो ताटापर्यंत केव्हाच आलेला आहे. गाडीवरच्या डब्यांत जी पांढरी स्फटिकमय पूड असते आणि जिला आबालवृद्ध अजिनोमोटो म्हणतात, ती मूळची जपानी. टोकियोच्या शाही विश्वविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्रशैवालाच्या काढ्यात जाणवणाऱ्या, खारट, गोड, आंबट वा कडू यांपैकी कशातच न बसणाऱ्या रुचीचा शोध घेत १९०८ मध्ये त्या काढ्यातून ग्लुटामेट हे द्रव्य वेगळे काढले आणि त्या रुचीस उमामी असे नाव दिले. दुसऱ्याच वर्षी साबुरोसुके सुझुकी या उद्योजकाने ते द्रव्य विक्रीस आणले. आरंभी ते धान्यातील प्रथिनांपासून काढीत असत. पुढे १९५६ च्या सुमारास सूक्ष्मजंतूंकरवी आंबवून ते तयार करण्याची रीत जपानातच सापडली, आणि शिरूर-दौंडच्या माणसांना साखर कारखान्यांमुळे पुरती परिचित असलेली उसाची मळी हा तिचा एक महत्त्वाचा कच्चा माल ठरला. म्हणजे ही पूड वनस्पतिजन्यच आहे, आणि प्रमाणात वापरली तर तिच्याविषयी बाळगले जाणारे भय अनाठायी आहे. माझे म्हणणे एवढेच की हे द्रव्य पिकलेल्या टोमॅटोत, अळंबीत आणि आंबवलेल्या सोयाबीनमध्ये निसर्गतःच विपुल असते. आणि ते तेथून घेतले असता रुचीबरोबर त्या पदार्थांचा गंध, आंबटपणा व दाटपणाही हाती लागतो, जो पुडीतून मिळत नाही.

आता ज्या सॉसविषयी लिहायचे तो कोणता? जपानात परतलेल्या गव्हाच्या नूडल्सना याकिसोबा म्हणतात. जत्रांतील पालांवर, शाळांच्या समारंभांत, घरी दुपारच्या घाईत, सर्वत्र हा पदार्थ लोखंडी तव्यावर होतो, आणि त्यात पडणारा काळसर, आंबटगोड, मसालेदार सॉस हा जपानी खाद्यसंस्कृतीतील तुलनेने अर्वाचीन जिन्नस होय. त्याचा पूर्वज इंग्लंडातला. वुस्टर शहरातील ली आणि पेरिन्स या औषध-विक्रेत्यांनी १८३७ मध्ये जो वुस्टरशायर सॉस बाजारात आणला, त्यात सिरका, मळी, कांदा-लसूण, खारवलेली अँकोव्ही मासळी आणि चिंच हे पदार्थ होते. मेइजी राजवटीत जपानची पाश्चात्त्य जगाशी देवाणघेवाण वाढली, त्या ओघात हा सॉसही तेथे पोचला. आणि जपानी उत्पादकांनी त्यात टोमॅटो, सफरचंद, गाजर अशा फळभाज्यांचा गर वाढवून त्याला अधिक गोड, अधिक दाट, आपल्या जिभेस मानवेल असे वळण दिले. हिरोशिमाकडच्या दाट सॉसमध्ये तर खजूरही घालतात. हा इतिहास मी विस्ताराने सांगतो याचे कारण असे की, चिंच, खजूर, कांदा, लसूण, मिरी आणि गूळ यांचे मिश्रण करताना मराठी गृहिणीला काही परकीय विद्या शिकावी लागत नाही. चिंचगुळाचे आंबटगोड साधण्यात तिचा हात पूर्वीच बसलेला आहे.

व्हीगन आहाराचा प्रश्न मात्र येथे सावधपणे पाहिला पाहिजे, कारण जपानी म्हणून विकली जाणारी तयार बाटली व्हीगन असेलच याची हमी नसते. मासळीचा अर्क, कालवांचा सॉस, किंवा बोनिटो मासळी धुरावून-वाळवून केलेली कात्सुओबुशी यांपैकी काहीतरी तीत असण्याचा संभव असतो. आणि नूडल्सच्या पिठात कित्येकदा अंडे मळलेले असते. आपल्याकडील पाकिटावरचा हिरवा ठिपका अंडे नसल्याची ग्वाही देतो, परंतु दूध, दुधाची भुकटी किंवा मध नसल्याची देत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम जाहीर करून निराळे चिन्ह ठरवून दिले. ते चिन्ह नसेल तेथे मागील बाजूचा बारीक मजकूर वाचणे हाच मार्ग. तसे पाहिले तर भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचे माडगे यांवर वाढलेल्या या कोरडवाहू मुलखाला प्राणिज पदार्थांवाचून जेवणे नवे नाही. येथे दूधदुभते पुष्कळ घरांत विकण्यासाठी असे, ताटात पडण्यासाठी नव्हे.

जपानकडेही ही परंपरा खोलवर आहे. झेन मठांतील शोजिन र्‍योरी या पाकपद्धतीत मांस-मासळीस स्थान नाही, आणि तिचा विचार समजून घ्यायचा तर दोगेन या आचार्याने १२३७ मध्ये मठातील आचाऱ्यासाठी लिहिलेल्या 'तेन्झो क्योकुन' या छोट्या ग्रंथाकडे वळावे लागते. तरुणपणी, १२२३ मध्ये, चीनच्या बंदरात जहाजावर मुक्काम असताना दोगेनला एकसष्ट वर्षांचा एक वृद्ध भिक्षू भेटला. तो दूरच्या एका मठाचा आचारी होता. दुसऱ्या दिवशी सणानिमित्त भिक्षूंना नूडल्सचा रस्सा घालायचा, आणि त्यासाठी जपानी अळंबी हवी, म्हणून तो कित्येक मैल पायी चालत जहाजापर्यंत आला होता. दोगेनने त्याला रात्री राहण्याचा आग्रह केला, तर उद्याचा स्वयंपाक दुसऱ्यावर सोपवता येणार नाही असे सांगून तो त्याच पावली परतावयास निघाला. आणि एवढ्या वयात ध्यान-अध्ययन सोडून चुलीपाशी का झिजता, या प्रश्नावर तो मोठ्याने हसला व साधना म्हणजे काय हे या परदेशी तरुणाला अद्याप उमगलेले नाही असे म्हणाला. एका रश्श्याच्या चवीसाठी केलेली ही पायपीट, आणि तीही मांसमासळीचा आधार न घेता चव साधण्यासाठी, मला फार मोलाची वाटते. रुचीचा हव्यास आणि रुचीविषयीचा आदर या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्या वृद्धाजवळ दुसरी होती.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. चार माणसांच्या अंदाजाने दोन चांगले पिकलेले टोमॅटो घ्यावेत. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगावची टोमॅटोची पेठ प्रसिद्धच आहे, तेव्हा हंगामात ते स्वस्त मिळण्यास अडचण पडू नये. त्यांच्या फोडी, एक लहान कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले आणि बिया काढलेले तीन खजूर हे सर्व अर्धा वाटी पाण्यात झाकण ठेवून आठ-दहा मिनिटे शिजवावे, निवल्यावर वाटून गाळावे. त्या गरात सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, दोन मोठे चमचे किसलेला गूळ, चार मोठे चमचे सोया सॉस, अर्धा चमचा मिरपूड, एका लवंगेची पूड आणि चिमूटभर दालचिनी घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटे, चमच्याला लेप बसेल इतपत, आटवावे. मीठ घालू नये. सोया सॉसमध्ये ते भरपूर असते. जपानी घरात गोडव्यासाठी मिरीन ही तांदळाची गोड मदिरा किंवा साखर वापरतात. पण दौंडकडील गुऱ्हाळांत निघणारा काळसर, रसायनविरहित गूळ हाती असेल तर तो साखरेहून निःसंशय सरस, कारण त्याची किंचित खमंग चव मळीच्या जवळ जाते, आणि मळी हा तर मूळ इंग्रजी सॉसचाच घटक होता.

सोया सॉस ही ती एक बाटली, जी विकतच आणावी. वाफवलेले सोयाबीन व भाजून भरडलेले गहू यांवर कोजी नामक बुरशी वाढवून, ते मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबू देऊन खरा सोया सॉस निघतो. नको ती बुरशी वाढली तर विषबाधेचे भय असल्याने हा उद्योग घरी करू नये. आम्लाच्या साहाय्याने प्रथिने फोडून, जळक्या साखरेचा रंग घालून थोड्या दिवसांत केलेला स्वस्त सॉसही याच नावाने विकला जातो, आणि त्याने सगळी मेहनत वाया जाते. लेबलावर सोयाबीन, गहू, मीठ व पाणी एवढेच घटक असलेली, नैसर्गिक रीतीने आंबवल्याचा उल्लेख असलेली बाटली घ्यावी. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की या सॉसमध्ये गहू असतोच.

नूडल्ससंबंधी एक सूचना मला विशेष आग्रहाने करावीशी वाटते. याकिसोबाच्या नूडल्सना जो पिवळसर रंग आणि दाताखाली जाणवणारा चिवटपणा असतो, तो पिठात मिसळलेल्या सोडियम व पोटॅशियम कार्बोनेटच्या क्षारद्रवामुळे येतो. आणि आपल्या घरचा पापडखार याच कुळातला. उन्हाळ्यात वाळवणाच्या वेळी केलेल्या गव्हाच्या शेवया घरात असतील, आणि त्या यंत्रावरच्या केसासारख्या बारीक नसून पाटावर वळलेल्या जाडसर असतील, तर उकळत्या पाण्यात दोन चिमटी पापडखार टाकून त्या शिजवून पाहाव्यात. त्या नुसत्या पाण्यात शिजवल्यापेक्षा आटोपशीर राहतात. बारीक शेवया मात्र या कामी आणू नयेत. त्यांचा लगदा होतो, आणि त्यांची जागा खिरीतच आहे. बाजारच्या नूडल्स असोत की घरच्या शेवया, एक कणी राखून उतरवाव्यात, ताबडतोब गार पाण्याने धुवाव्यात, निथळून तेलाचा हात लावून ठेवाव्यात.

मग उरते ते परतणे, जे पाच मिनिटांचे काम आहे, पण ज्यात मन दुसरीकडे असून चालत नाही. लोखंडी कढई धूर निघू लागेपर्यंत तापवून शेंगदाण्याचे तेल सोडावे. कांद्याचे जाड काप, गाजराच्या सळ्या, ढोबळी मिरची आणि सर्वांत शेवटी कोबी, या क्रमाने मोठ्या आचेवर हलवीत जावे. भाज्यांनी पाणी सोडण्याच्या आत मोड आलेले मूग टाकावेत. जपानात मुगाचे लांब, पांढरे मोड वापरतात. आपण उसळीसाठी काढतो त्याहून ते एक-दोन दिवस अधिक, अंधारात, ओल राखून वाढू दिले म्हणजे साधतात. पोट भरण्याच्या दृष्टीने टोफूचे तुकडे आधी वेगळे खरपूस भाजून घालता येतात. यानंतर नूडल्स, आणि कडेने कढईच्या तप्त लोखंडावर सॉस ओतावा, म्हणजे त्यातील गूळ व सोया किंचित करपून तो विशिष्ट सुगंध सुटतो. चौघांचे एकदम करू नये. कढई थंड पडते व परतण्याऐवजी उकडणे होते. दोघांपुरते करून पुन्हा कढई तापवावी.

वरून भाजलेले तीळ आणि कांद्याची पात. जपानी रीतीत लाल रंगाचे, मुरवलेले आल्याचे काप कडेला ठेवतात. त्याऐवजी कोवळ्या आल्याच्या सळ्या लिंबाच्या रसात व मिठात मुरवलेले आपले घरगुती लोणचे घ्यावे, जे दोन दिवसांत आपोआप गुलाबी छटा धरते आणि गोडसर सॉसला हवा तो तिखटपणा देते. रात्रपाळी करणाऱ्याने साप्ताहिक सुटीच्या दिवशी दुप्पट सॉस करून स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत भरून शीतकपाटात ठेवला तर आठवडाभर तो बिनघोर टिकतो, आणि कामावरून आल्यावर नूडल्स उकडणे व परतणे एवढेच उरते. शीतकपाट नसेल तेथे मात्र त्या त्या वेळचाच करावा. उरलेला सॉस भाजलेल्या वांग्याच्या कापांवर लावून पुन्हा एकदा तव्यावर धरला असता भाकरीबरोबरही उत्तम लागतो.