पिल्लू येण्यापूर्वीची बाग

कुत्र्याचे पिल्लू आणावयाचे ठरले की घरात प्रथम चर्चा होते ती त्याच्या नावाची, मग पट्ट्याची आणि साखळीची. बागेचा विचार सहसा कोणी करीत नाही. कुंपण आहे, फाटक आहे, तेव्हा काळजी नाही, अशी समजूत असते. परंतु ते कुंपण माणसे आणि गुरे यांना अडविण्यासाठी घातलेले असते. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे डोके ज्या फटीतून जाते, तीमधून बहुधा त्याचे सारे अंगही जाते. (आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री भारतात २०१७ च्या नियमांनुसार करता येत नाही.) म्हणून मालकाने एकदा चक्क जमिनीवर बसून बागेची पाहणी करावी. फाटकाखालची फट, पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी भिंतीत ठेवलेले भोक, मेंदीच्या कुंपणाचा विरळ बुंधा, या गोष्टी तेथून दिसतात. तेथे बारीक जाळी लावावी आणि तिची खालची कड आतल्या बाजूस वळवून मातीत पुरावी. कारण पिल्लू उकरते ते कुंपणाला अगदी लागून. पाण्याच्या टाकीवर झाकण हवे. कमळाच्या हौदात पिल्लू थोडा वेळ पोहू शकते. उभ्या कडेवरून त्याला वर मात्र येता येत नाही.

याहून मोठा धोका खतात असतो. गुलाबाच्या आळ्यात एरंडीची पेंड घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. एरंडीचे तेल काढले की बियांतील रिसिन हे विष तेलात न जाता पेंडीत राहते. पुरेशी उष्णता दिल्यास ते निष्प्रभ होते, परंतु बाजारातील प्रत्येक पोत्याची खात्री कोण देणार? त्यातच हाडांचा चुरा मिसळलेला असला तर तिच्या वासाने कुत्री आळे उकरून ती आवडीने खातात. उलट्या आणि रक्ती जुलाब काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात. तोवर खताची आठवण कोणाला राहिलेली नसते. पिल्लू असलेल्या घरात ही पेंड न वापरणेच शहाणपणाचे. कण्हेर, धोत्रा आणि शोभेसाठी लावलेले सायकस हीदेखील विषारी झाडे होत. पावसाळ्यात भेक तोंडात धरल्यास पिल्लाच्या तोंडातून लाळ गळू लागते. अशा वेळी तोंड पाण्याने पुसून विनाविलंब पशुवैद्य गाठावा.

एक धोका मात्र डोळ्यांना दिसतच नाही. पार्व्हो विषाणूचा रोग १९७८ मध्ये जगभर पसरला. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून हा विषाणू मातीत उतरतो आणि तेथे कित्येक महिने टिकतो. ज्या घरी पूर्वी एखादे पिल्लू या रोगाने दगावले असेल, तेथील बाग झाडून स्वच्छ दिसली तरी निर्धोक नव्हे. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरावीक अंतराने पुरे करावे लागते.

येथे एक पेच उभा राहतो. अमेरिकन संशोधक स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, माणसांची ओळख मनात रुजण्याचा काळ तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होऊन बाराव्याच्या आसपास सरत येतो. म्हणजे रस्त्यावर न्यावयाचे नाही, आणि कोंडूनही ठेवावयाचे नाही! बंदिस्त बागेचे खरे मोल येथे आहे. पाहुणे, मुले, छत्र्या, सायकली या साऱ्यांची ओळख तेथेच घडविता येते; रहदारी दाखवावयाची तर पिल्लाला कडेवर घेऊन फाटकात उभे राहावे.

शिक्षणात घरातल्या माणसांचे एकमत होणे हेच बहुधा सर्वांत अवघड काम. मुलगा ‘सिट’ म्हणतो, आई ‘बस’ म्हणते, आणि नोकर ‘बैठ’ म्हणतो. पिल्लाला भाषा कळत नाही. त्याला ध्वनी कळतो. एका कृतीला एकच शब्द घरात ठरवावा. जेवताना कोणीही घास द्यावयाचा नाही असे ठरले असताना आजोबांनी आठवड्यातून एकदा पोळीचा तुकडा टाकला, तर मागण्याची सवय अधिकच घट्ट होते; अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय मोडणे कठीण, हे स्किनर यांच्या प्रयोगांतून सिद्ध झालेले आहे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर पिल्लाला बागेच्या एकाच कोपऱ्यात न्यावे आणि विधी आटोपताच, तेथेच, शाबासकी द्यावी. घरातील जुन्या ओल्या डागापाशी त्याचे नाक घासण्याची रीत क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. शिक्षेचा संबंध त्याला तासापूर्वीच्या कृतीशी जोडता येत नाही.

‘ये’ हा शब्द विशेष जपावा. तो उच्चारून बोलावल्यावर कधीही रागावू नये, औषध पाजू नये, साखळीला बांधू नये. ते करावयाचेच असेल, तर स्वतः पिल्लापाशी जावे. दूधवाला एखाद्या सकाळी फाटक उघडे टाकून जाईल आणि पिल्लू रस्त्याच्या कडेला उभे असेल, तेव्हा त्याला परत आणण्यास हाताशी असेल तो एवढाच एक शब्द.