वनभूमीचे मूळ रहिवासी आणि औषधशाळांचे ऋण

आपल्या सभांचा आरंभ धन्वंतरिस्तवनाने होतो. ऑस्ट्रेलिया, कॅनडा या देशांत अनेक संस्थांच्या सभा निराळ्या निवेदनाने सुरू होतात. ज्या भूमीवर आपण जमलो आहोत ती कोणत्या मूळ समाजाची परंपरागत भूमी आहे, हे त्या समाजाचे नाव घेऊन सांगितले जाते व त्यांच्या ज्येष्ठांविषयी आदर व्यक्त केला जातो. युरोपीय वसाहतीपूर्वी ऑस्ट्रेलियाची भूमी कोणाचीच नव्हती, हे गृहीतक तेथील सर्वोच्च न्यायपीठाने १९९२ मध्ये माबो खटल्यात फेटाळले. कॅनडात २०१५ मधील सत्य व सलोखा आयोगाच्या अहवालानंतर हा प्रघात विशेष रूढ झाला. भूमीवरील हक्क न देता केवळ शब्द उच्चारून काय साधते, असा आक्षेपही तेथील मूळ समाजांतूनच घेतला जातो.

हा विषय आपल्या व्यवसायापासून दूरचा वाटेल. परंतु तसा तो नाही. आपली औषधशाळा गावात वा शहरात असली, तरी तिच्या भांड्यांत पडणारी द्रव्ये बहुतांशी कोणाच्या तरी पिढीजात वनातून येतात.

संहितांची साक्ष

वनवासी जनांचे हे ऋण आपल्या आचार्यांनी लपविलेले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि अन्य वनवासी लोक औषधींना नामरूपाने ओळखतात, असे म्हटले आहे. सुश्रुताचार्यांनीही भूमिप्रविभागीय अध्यायात गोपाळ, तापस, व्याध आणि कंदमुळांवर राहणारे वनचर यांच्याकडून औषधींची माहिती घ्यावी, असे सांगितले आहे. केवळ नामरूपाच्या ज्ञानाने कोणी चिकित्सक होत नाही, योगज्ञान हवेच, हेही चरकाचार्य स्पष्ट करतात. याचा अर्थ ज्ञान दोहोंचे आहे. म्हणून श्रेयही दोहोंचे असावे.

काणी जमातीचे उदाहरण

या श्रेयविभागणीचा आधुनिक काळातील सर्वपरिचित प्रयोग केरळात झाला. डिसेंबर १९८७ मध्ये डॉ. पी. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखालील संशोधक अगस्त्यकूट पर्वतराजीत वनस्पती-सर्वेक्षण करीत होते. चढणीवर संशोधक थकले. परंतु वाट दाखविणारे काणी जमातीचे तरुण एका वनस्पतीची फळे खात ताजेतवाने चालत होते. ही वनस्पती म्हणजे ‘आरोग्यपच्चा’ (ट्रायकोपस झेलॅनिकस). हे जमातीचे परंपरागत ज्ञान असल्याने प्रारंभी ते सांगण्यास त्यांनी अनमान केला.

पुढे तिरुवनंतपुरमजवळील पालोडे येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने आरोग्यपच्चा व अन्य तीन वनस्पतींपासून ‘जीवनी’ हा योग सिद्ध केला. १९९५ मध्ये कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीस सात वर्षांसाठी उत्पादनाचा परवाना दिला गेला. त्याचे शुल्क १० लाख रुपये व विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन असे ठरले. या दोन्ही रकमांचा निम्मा वाटा काणी समाजास देण्याचा निर्णय संस्थेने घेतला. त्यासाठी १९९७ मध्ये ‘केरळ काणी समुदाय क्षेम ट्रस्ट’ स्थापन झाला आणि १९९९ मध्ये त्याच्याकडे पाच लाखांहून अधिक रक्कम जमा झाली. जैवविविधता अधिनियम २००२ मध्ये आला. हा करार त्यापूर्वीचा आहे, हे लक्षणीय होय.

तथापि या प्रयोगाची दुसरी बाजूही वैद्यांनी जाणून घ्यावी. निर्णयप्रक्रियेत सर्व काणी वस्त्यांचा समावेश नव्हता, अशी टीका झाली. त्याहून मूलगामी अडचण भूमीची होती. औषधासाठी फळ नव्हे, तर पाने लागत. काही काणी कुटुंबांनी लागवडही केली; परंतु राखीव वनातून पाने बाहेर नेण्यास वनखात्याने हरकत घेतली आणि कच्च्या मालाचा पुरवठा अडला. ज्या वनात त्यांचे पूर्वज वावरले, तेथील पान खुडण्याचा अधिकार मात्र त्यांच्या हाती नव्हता. ज्ञानाचे श्रेय मिळाले, धनाचा वाटा मिळाला, परंतु भूमीवरील हक्काअभावी दोन्ही लंगडे पडले.

कायद्याची चौकट

वनहक्क अधिनियम २००६ ने वनवासी समाजास गौण वनोपजावर मालकी दिली. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर सामूहिक हक्कही मान्य केला. भारतीय कंपन्यांनाही लाभांशाचे दायित्व आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. जैवविविधता अधिनियमातील २०२३ च्या दुरुस्तीने मात्र संहिताबद्ध ज्ञान, लागवडीखालील औषधी वनस्पती व उपजीविकेसाठी व्यवसाय करणारे नोंदणीकृत आयुष चिकित्सक यांना राज्य मंडळास पूर्वसूचना देण्यातून सूट दिली. कायद्याने सूट दिली म्हणून ऋण फिटले, असे समजू नये.

आपले कर्तव्य

माझ्या औषधशाळेच्या खरेदीवहीत बाळहिरड्यापुढे वर्षानुवर्षे व्यापाऱ्याचे नाव, वजन व दर एवढेच होते. जुन्नर, आंबेगाव परिसरातील महादेव कोळी कुटुंबे झाडांवर चढून ही कोवळी फळे काढतात व वाळवितात, हे मला ठाऊक होते. वहीला ते ठाऊक नव्हते. त्रिफळेचे गुण रुग्णांना सांगताना ही नोंद नसल्याचे मला कधी खटकलेही नाही, याची आज खंत वाटते.

व्यवसायबंधूंनी पुढील गोष्टी आचरणात आणाव्यात, अशी विनंती आहे. द्रव्याच्या नोंदीत वनक्षेत्र, गाव व संग्राहक समाज यांचा उल्लेख असावा. शक्य तेथे ग्रामसभेकडून वा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून, दर आधी ठरवून, खरेदी करावी. संग्राहकाकडून कळलेला लोकप्रयोग त्याच्या व त्याच्या ग्रामसभेच्या संमतीवाचून छापू नये, त्यावर उत्पादनही काढू नये. माहितीपत्रकात समाजाचे नाव घालायचे तर तेही त्यांना विचारून. अन्यथा ती कृतज्ञता न राहता जाहिरात होते.

धन्वंतरिस्तवनानंतर आपल्या सभेतही संबंधित वनाचे व समाजाचे नाव अवश्य घ्यावे. परंतु ते नाव प्रथम खरेदीवहीत लिहिले जावे, त्यापुढे रास्त दर लिहिला जावा, आणि मगच त्याचा उच्चार व्यासपीठावरून व्हावा.