विम्याचे पैसे परत मागताना बँकेची माहिती किती द्यायची?

बँकेत एफडी करायला गेलेल्या माणसाच्या हातात विम्याची पॉलिसी पडते, हा प्रकार आपल्या मोहल्ल्यातही नवा नाही. हज साठी किंवा मुलीच्या शादी साठी जमवलेली रक्कम असते. "पाच वर्षांनी दुप्पट, एकदाच भरायचे" असे सांगून सही घेतली जाते. वर्षभराने दुसरा हप्ता मागणारा मेसेज आला की घरच्यांना कळते, ही एफडी नव्हतीच. याला चुकीची माहिती देऊन विमा विकणे म्हणतात. त्याविरुद्ध तक्रार करता येते आणि पैसेही परत मागता येतात. पण अशा वेळी माणूस घाबरलेला असतो, आणि त्याच वेळी दुसरा ठग फोन करतो. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा फसतो तो इथेच.

आधी खरा रस्ता कोणता ते पाहू. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती पसंत नाही असे लेखी कळवले तर ती रद्द होते. याला फ्री लुक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. ३० दिवस उलटून गेले असतील तर विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सोबत पॉलिसीची प्रत, हप्ता कापल्याची पासबुकातली नोंद आणि विकणाऱ्याचे व्हॉट्सअॅप मेसेज जोडा. विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल फ्री नंबरवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

एक सावधगिरी इथेच सांगतो. "तक्रार कशाला करता, या फॉर्मवर सही करा, पैसे मिळतील" असे एजंट म्हणाला तर फॉर्मचे नाव वाचा. तो सरेंडरचा फॉर्म असेल तर तुम्ही स्वतःहून पॉलिसी मोडताय असा त्याचा अर्थ होतो, आणि मोठी रक्कम कापली जाते. कोऱ्या फॉर्मवर तर सही करूच नका.

आता बँकेच्या माहितीचे. कंपनी पैसे थेट खात्यात पाठवते. त्यासाठी तिला फक्त चार गोष्टी लागतात: खातेदाराचे नाव, बँक व शाखेचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड. पुरावा म्हणून रद्द केलेला चेक किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स मागतात. चेक देताना त्यावर दोन तिरक्या रेघा मारून मध्ये "कॅन्सल्ड" लिहा, सही करू नका. झेरॉक्सवर "फक्त अमुक पॉलिसीच्या परताव्यासाठी" असे लिहून तारीख टाका आणि सही करा. आधार देताना शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार चालते का ते आधी विचारा.

याउलट एटीएम कार्डाचा नंबर, कार्डामागचे तीन अंक, पिन, नेट बँकिंगचा पासवर्ड आणि ओटीपी यांची पैसे मिळवायला कधीच गरज नसते. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला नाही. म्हणून "रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका" असे कोणी म्हटले की समजून जा, पैसे येणार नाहीत, जाणार आहेत. व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. मोबाइलची स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे अॅपही टाकू नका.

ठगांची भाषा ओळखा. "मी आयआरडीएआय मधून बोलतोय, तुमच्या बंद पॉलिसीवर बोनस जमा आहे, सोडवायला आधी जीएसटी भरा." आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही, बोनसही वाटत नाही. परतावा देण्यासाठी आधी पैसे मागणारा किंवा आणखी एक पॉलिसी घ्यायला लावणारा माणूस खोटाच समजा. त्याला तुमचा पॉलिसी नंबर आणि जन्मतारीख माहीत असली तरी विश्वास ठेवू नका, ही माहिती बाहेर फिरत असते. फोन ठेवा आणि पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. गुगलवर शोधलेला कस्टमर केअर नंबरही ठगाचा असू शकतो.

आपल्याकडे नावाची अडचण नेहमीची. पॉलिसीवर "मोहम्मद", बँकेत "मो.", आधारवर आडनाव आधी. नाव जुळले नाही की परतावा अडकतो. मग एजंट म्हणतो, "चाचा, माझ्या खात्यात घेतो आणि तुम्हाला रोख देतो." हे मान्य करू नका. नाव दुरुस्तीचा अर्ज द्या, थोडे दिवस जातील, पण रक्कम आपल्याच खात्यात येईल.

एवढे करूनही खात्यातून पैसे गेले तर लाजू नका आणि घरात लपवू नका. लगेच १९३० वर फोन करा, बँकेला कळवून कार्ड आणि खाते बंद करायला सांगा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ओटीपी वगैरे आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याला सोसावे लागते. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. म्हणून इथे एकेक मिनिट महत्त्वाचे आहे.

घरात पॉलिसी बहुतेक वेळा अब्बांच्या किंवा अम्मींच्या नावावर असते आणि मुलगा पुण्यात किंवा सौदीला असतो. फोन मात्र दुपारी घरी एकट्या असलेल्या अम्मी उचलतात. त्यांना एकच वाक्य पाठ करून द्या: "माझ्या मुलाला विचारून सांगते." आणि मग फोन ठेवायचा. खरा अधिकारी दुसऱ्या दिवशीही थांबतो, ठग थांबत नाही.