लंपनची पुढची गोष्ट

१९९४ साली ‘वनवास’ प्रसिद्ध झालं, तेव्हा प्रकाश नारायण संत सत्तावन्न वर्षांचे होते. लंपन नावाच्या मुलाच्या काही कथा त्यांनी साठच्या दशकातच लिहिल्या होत्या. मग फार मोठा खंड पडला. कराडला महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या या लेखकाने इतक्या वर्षांनी पुन्हा लंपनला हाक मारली आणि तो आला, तसाच, हाफ चड्डीतला. १९९७ मध्ये ‘शारदा संगीत’ आलं, २००१ मध्ये ‘पंखा’. चौथं पुस्तक ‘झुंबर’.

आवडत्या लेखकाचं नवं पुस्तक उघडताना वाचक जरा धास्तावलेला असतो. पात्र ओळखीचं असेल, तर जास्तच. लंपन तसाच राहिला तर तेच ते वाटणार, आणि फार शहाणा झाला तर आपला लंपन हरवला म्हणून हळहळ.

संतांनी यातून जी वाट काढली, ती मराठीत तरी दुर्मीळ आहे. आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या मुलखात आजीआजोबांजवळ वाढणारा हा मुलगा चारही पुस्तकांत स्वतःच बोलतो, आणि लेखक त्याच्या तोंडी मोठ्या माणसाची समज एकदाही घालत नाही. त्याची मैत्रीण सुमी समोर आली की त्याला काहीतरी होतं. काय होतं, ते त्याला सांगता येत नाही. वाचकाला मात्र लख्ख कळतं. त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत जगातल्या निम्म्याअधिक गोष्टी ‘मॅड’ असतात. पुस्तकागणिक घटना फारशा मोठ्या होत नाहीत, लंपनचं बघणं तेवढं खोल होत जातं.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ याच वयाची, पण तिची रीत वेगळी. आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलांची ती सलग कादंबरी आहे. वर्ष संपतं तशी गोष्टही संपते. लंपन मात्र कथांमधून भेटत राहतो, त्यामुळे दोन पुस्तकांच्या मधल्या वर्षांत वाचक त्याची वाट पाहू शकला.

संतांच्या आयुष्याचे धागे या कथांत सापडतात. कवयित्री इंदिरा संत त्यांची आई, लेखक ना. मा. संत वडील. वडील १९४६ मध्ये गेले, तेव्हा प्रकाश जेमतेम नऊ वर्षांचे होते. आजोळी दत्तक गेल्यामुळे कागदोपत्री ते भालचंद्र दीक्षित. पत्नी सुप्रिया दीक्षित यांनी ‘अमलताश’मध्ये त्यांच्या सहजीवनाबद्दल लिहिलं आहे. तरीही लंपन म्हणजे लहानपणीचे संत, असं समीकरण मांडून वाचणं या कथांवर अन्याय करणारं आहे. आठवणींना एवढी घट्ट वीण नसते.

संत २००३ मध्ये गेले. २०२४ मध्ये निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेली ‘लंपन’ ही वेब मालिका आली आणि नव्या पिढीतले कितीतरी जण पुस्तकांकडे वळले. त्यांनी सुरुवात ‘वनवास’पासूनच करावी. चारही पुस्तकांतली प्रत्येक कथा सुटी वाचता येते, हे खरं. पण पुढे लंपनच्या वडिलांच्या मृत्यूची कथा येते. घरापासून लांब राहताना त्या मुलाला आईबाबांची किती ओढ होती हे ज्याने आधी वाचलेलं असतं, त्याला ती कथा एका बैठकीत पुरी करणं जड जातं.